देवाच्या नावानं बोललेलं वाक्य

पाली, उत्तन
१२ मार्च

प्रिय फ्लेव्हिया,

हे पत्र मम्मीच्या पिशवीत सुक्या बोंबलांच्या पुड्याखाली ठेवलं आहे. ती उद्या भाईंदरच्या बाजाराला जाते म्हणून निघेल. नऊ वर्षं दर महिन्याला ती बाजाराला जाते आणि कोथिंबिरीची जुडीसुद्धा न घेता परत येते. ती इंद्रलोकला तुझ्याकडे येते हे मला पहिल्या वर्षापासून माहीत आहे. तिनं कधी सांगितलं नाही, मी कधी विचारलं नाही. आज विचारलं. म्हणाली, "माहीत होता तं एक दिस तरी बोंबील निवडून द्यायचे."

फोन करणार होतो. जेसनकडून तुझा नंबर घेतला, दोनदा लावायला काढला आणि ठेवून दिला. मी तोंडानं बोलायला गेलो की काय होतं ते तुला माहीत आहे.

कशासाठी लिहितोय ते आधी सांगतो, नाहीतर तू अर्ध्यात सोडशील. माझ्यासाठी नाही, जॉयलिनसाठी. तुझ्या भावाची मुलगी. तू घर सोडलंस त्याच्या पुढच्या वर्षी झाली, म्हणजे तू तिला मम्मीच्या मोबाइलमध्येच पाहिलं असशील. आता आठ वर्षांची आहे. मे महिन्यात तिचा पहिला ख्रिस्तप्रसाद, त्याआधी फादरपुढे पहिलं पापनिवेदन. ती माझ्याच धर्मशिक्षणाच्या वर्गात आहे. गुडघ्यांमुळे बोट सुटली, पण रविवारचा वर्ग मी अजून घेतो.

जेसनच्या बायकोला, रीमाला, सातवा महिना चालू आहे. दहा दिवसांपूर्वी ती दाराच्या पायरीवरून घसरली. दोन दिवस दवाखान्यात ठेवलं. बाळ ठीक आहे, पण डॉक्टरनी झोपून राहायला सांगितलंय. त्या दिवसापासून पोरगी बदलली. शाळेतून आली की आईच्या खाटेशी बसते, पोटावर हात ठेवून. जेवायला वाढलं की ताटातली मासळी बाजूला काढते, म्हणते हा देवाचा वाटा. आणि पापनिवेदनाला मी जाणार नाही म्हणते. का, विचारलं तर म्हणाली, "फादरला सांगितला तर देवाला कळेल."

काय कळेल, हे काढून घ्यायला तीन दिवस लागले. गणितात कमी मार्क मिळाले म्हणून पेपरवर आईची सही तिनं स्वतःच केली होती. त्याच दुपारी रीमा पडली. एवढंच.

"देव पयला पाडते," मला म्हणाली, "मंग बाळ घेऊन जाते. आत्याचा घेतला ना."

फ्लेव्हिया, हे तिनं कुठून ऐकलं कोण जाणे. वाळत घातलेले बोंबील परतताना गावच्या बायका काय काय बोलत असतात. आपल्या घरात तो विषय निघत नाही.

मी समजावलं, जेसननं समजावलं. ती मान हलवते आणि परत आईच्या पोटावर हात ठेवून बसते. तू एकदा बोललीस तर कदाचित ऐकेल. फोनवर बोललीस तरी चालेल.

तुझा,
पपा


पाली
१७ मार्च

प्रिय फ्लेव्हिया,

पत्र तू वाचलंस असं मम्मी म्हणाली. मी विचारलं, "काय बोलली?"

"काय न्हाय. घडी घातली नि डाळीच्या डब्याव ठेवली. मंग चहा केला."

पाच दिवस वाट पाहिली. तू रागावली आहेस हे मला समजतं, पण त्या पोरीनं तुझं काय वाकडं केलंय? मोठ्यांचं मोठ्यांत ठेवावं. त्या वेळी मला बाप म्हणून जे वाटलं ते मी बोललो. बापानं धाक दाखवायचा नाही तर कुणी? माझ्या बापानं मला 'देव बघतोय' एवढ्या एका शब्दावर वाढवलं, म्हणून मी दारूला शिवलो नाही, समुद्रात कुणाच्या जाळ्याला हात लावला नाही. धाकानं माणूस सरळ राहतो. सगळंच काही त्यात वाईट नसतं.

काल जॉयलिननं भातालाही हात लावला नाही. तिला बघून रीमा रडते, आणि रीमानं रडलेलं बाळाला चांगलं नाही.

उत्तर दे.

पपा


पाली
२३ मार्च, रविवार

फ्लेव्हिया,

मागचं पत्र फाडून टाक. त्याच्या आधीच्या पत्रात मी खोटं लिहिलं. जॉयलिननं कुठून ऐकलं ते मला माहीत होतं. तिनं माझ्याकडून ऐकलं.

आज वर्गात पवित्र आत्म्याच्या सात दानांचा धडा होता. सातवं दान, देवाचं भय. दर वर्षी हा धडा आला की मी एक गोष्ट सांगतो. आपल्याच किनाऱ्यावरची एक मुलगी होती. हुशार होती, चर्चमध्ये गायची. मोठी झाली, आईबापाचं ऐकेनाशी झाली, चर्चबाहेर लग्न करून गेली. देवानं वाट बघितली. मग आठव्या महिन्यात तिचं बाळ... असं मी सांगतो. नाव घेत नाही. नाव घेतलं नाही म्हणजे पाप लागत नाही असं मी धरून चाललो होतो. गेली आठ वर्षं सांगतोय. गोष्ट सांगितली की वर्ग चिडीचूप होतो, आणि खरं सांगतो, मला ते आवडायचं.

आज सांगायला लागलो. 'देवानं वाट बघितली' इथपर्यंत आलो आणि दुसऱ्या बाकावर लक्ष गेलं. जॉयलिननं दोन्ही कानांवर हात दाबून धरले होते आणि तिचे ओठ हलत होते. मला वाटलं प्रार्थना म्हणतेय. नीट बघितलं तर माझ्याच गोष्टीचे शब्द होते. मागच्या वर्षी ती सोबत म्हणून वर्गात येऊन बसायची, तेव्हाच तिनं ते पाठ केलेत. मी पुढचं वाक्य बोलायच्या आत ती ते ओठांनी बोलून झाली होती.

मी पुस्तक मिटलं. मुलं वाट बघत राहिली. मी वर्ग सोडून दिला.

घरी येताना वाटेत तिला सांगितलं, "ती गोष्ट खोटी हाय. देवानं आत्याचं बाळ नेलं नाही."

"मंग वर्गात कशाला सांगतस?"

मी तिचं दप्तर माझ्या खांद्यावर घेतलं. ती म्हणाली, "मला बरा वाटावा म्हणून तू आता खोटा बोलतस." मग थोडं चालून म्हणाली, "आत्याला माहीत असेल. तिला विचार."

म्हणून विचारतोय. पण आधी एक लिहून टाकतो. ते वाक्य मी वर्गात फिरवून फिरवून सांगितलं, पण जसं तुला म्हटलं तसं परत कधी उच्चारलं नाही. दवाखान्यात तुझ्या खाटेशी मी उभा राहिलो आणि म्हणालो, "देवाला भ्याली न्हायस ना? बघ, दिला त्यानं जबाब." तू भिंतीकडे तोंड केलंस. मम्मीनं माझ्या दंडाला धरून बाहेर काढलं.

बावीस वर्षं मी मुलांना देवाला भ्यायला शिकवतोय. आज खाडीकडच्या गल्लीतून येताना लक्षात आलं, मी स्वतः त्याला कधी भ्यालोच नाही. भ्यालो असतो तर त्याच्या मनात काय आहे ते त्याला न विचारता तुला सांगायची माझी हिंमत झाली नसती. राग माझा होता. तू नीलेशशी लग्न केलंस, चर्चमध्ये केलं नाहीस, लोक मला विचारायला लागले, त्याचा राग. तो मी देवाच्या नावानं तुझ्यावर टाकला, आणि तोही उठून बसायची ताकद तुझ्यात नव्हती तेव्हा.

माफी मागतो. तू दिली नाहीस तरी मागतो.

आर्थर, तुझा बाप


इंद्रलोक, भाईंदर पूर्व
२७ मार्च

पपा,

नीलेश म्हणाला, उत्तर देऊ नकोस. दोन दिवस दिलं नाही.

वर्गातली गोष्ट मला माहीत नव्हती. मम्मीलाही नव्हती. तिला तुमचं पत्र मी वाचून दाखवलं तेव्हा ती माझ्या स्वयंपाकघरात खालीच बसली. आठ वर्षांत किती मुलांनी ती ऐकली असेल? त्यातली कितीतरी आता कॉलेजात असतील, स्टेशनवर मला ओळख दाखवतात ती.

तुम्ही ते वाक्य बोललात आणि विसरायला बघितलंत. मी तीन वर्षं ते खरं मानलं. चर्च दिसलं की रस्ता बदलायचे. नीलेशला ताप आला तरी वाटायचं, आता याला नेतो. डॉक्टर म्हणाले पुन्हा प्रयत्न करा, मी नाही म्हटलं. कारण विचारलं तर काय सांगणार होते?

तुमच्या गोष्टीतल्या बाळाला नाव नाही. तिचं नाव इवा. नीलेशनं ठेवलं होतं, पाचव्या महिन्यातच. मुलगी होती. तुम्ही तेही विचारलं नव्हतं.

मी पालीला येणार नाही. रविवारी जॉयलिनला घेऊन या. जेसनबरोबर पाठवू नका, तुम्ही या. मी माफ केलं असं समजू नका. पण त्या पोरीला आत काय होतंय ते मला माहीत आहे, आणि आणखी एकीला मी त्यात सोडणार नाही.

फ्लेव्हिया


पाली
३१ मार्च

प्रिय फ्लेव्हिया,

काल तुझ्याकडून निघाल्यापासूनचं तुला माहीत नाही, म्हणून लिहितो.

आधी एक सांगतो. दार उघडून तू "बसा" म्हणालीस. लहानपणापासून तू मला कधी अहोजाहो केलं नव्हतंस. पत्रातही ते वाचलं होतं, पण कानानं ऐकलं तेव्हा परत जिना उतरावासा वाटला. पण जॉयलिननं माझं बोट धरलं होतं.

तू तिला घेऊन स्वयंपाकघरात गेलीस आणि दार लोटलंस. नीलेशनं मला पाणी आणून दिलं, टीव्ही लावला आणि आवाज वाढवला. आतलं मला ऐकू जाऊ नये म्हणून, हे मला कळलं. कुठलीतरी जुनी मॅच होती. आम्ही दोघं ती बघत बसलो. मी म्हटलं, "नीलेश, मी तुमचाही अपराधी आहे."

तो टीव्हीकडे बघतच म्हणाला, "आधी तिचं होऊ द्या. मग माझं बघू."

चांगला माणूस आहे. मला हे नऊ वर्षांपूर्वी दिसायला हवं होतं.

पाऊण तासानं तुम्ही बाहेर आलात. जॉयलिनच्या तोंडाला साजूक तुपातल्या शिऱ्याचा वास येत होता आणि तुझे डोळे सुजलेले होते. मी उठलो तर तू म्हणालीस, "चहा ठेवलाय. पिऊन घे." 'पिऊन घे' म्हणालीस, 'पिऊन घ्या' नाही. तुझ्या ते लक्षातही आलं नसेल. मी चहा हळूहळू प्यायलो.

स्टेशनवरून उत्तनची बस मिळाली. मी काही विचारायचं नाही असं ठरवलं होतं. राई गाव मागे पडल्यावर ती आपणहून बोलायला लागली.

"आजा, आत्या देवाला ओरडली, माहीत हाय? बाथरूममध्ये नळ सोडून. लय दिवस. शिव्या पण दिल्या."

"मग?"

"मंग काय न्हाय. त्यानं काय केला न्हाय. आत्या बोलली, तो ऐकत रायला असेल." मग म्हणाली, "मी तर निसती सही केली."

मी खिडकीबाहेर बघत राहिलो. तिनं माझी बाही ओढली. तू तिला सांगितलेलं सगळं तिला सांगायचं होतं. ती म्हणाली, आत्याला बाळ दिलं होतं हातात, दहा मिनिटं. ते हलत नव्हतं तरी आत्याला भीती वाटत होती, आपल्या हातून त्याला काही लागेल म्हणून. मान नीट धरली का, बोट जोरात लागलं का. "आत्या बोलली, देवाची भीती म्हंजे तशी. तो मारेल म्हणून न्हाय. आपल्याकडून त्याला लागेल म्हणून."

फ्लेव्हिया, मी बावीस वर्षं शिकवतोय. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि ज्या खाटेवर तू हे शिकलीस तिच्याच शेजारी मी उभा होतो.

मग तिनं विचारलं, "तू देवाला भितस काय?"

मी म्हटलं, "आता भितो."

"सही केली काय कुणाची?"

"हो," मी म्हटलं, "देवाची."

तिला ते कळलं नाही. पण तिनं माझ्या मांडीवर डोकं ठेवलं आणि पालीच्या नाक्यापर्यंत झोपली. घरी आल्यावर तिनं रीमाला गणिताचा पेपर दाखवला. रीमानं दोन धपाटे घातले, मग जवळ घेतलं. रात्री पोरीनं ताटातली मासळी पूर्ण खाल्ली.

पपा


पाली
१९ मे

प्रिय फ्लेव्हिया,

मम्मीनं तुला फोटो दाखवलेच असतील. गुरुवारी रीमाला मुलगा झाला. दोघं बरी आहेत. जॉयलिननं बाळाला हातात घेण्याआधी दोनदा हात धुतले आणि घेतल्यावर श्वास रोखून धरला. तिच्या आईनं सांगितलं, अगं, श्वास घे.

बाकीचं मीच लिहायला हवं.

तुझ्याकडून आल्यानंतरच्या रविवारी मी वर्गात उभं राहून सांगितलं की ती गोष्ट मी चुकीची सांगत होतो. बाळं का जातात ते मला माहीत नाही, आणि जो म्हणेल मला माहीत आहे, त्याचं ऐकू नका. एका मुलीनं विचारलं, "सर, मग ती गोष्टीतली मुलगी कोण?" मी म्हटलं, "माझी मुलगी. तिनं काही वाईट केलं नव्हतं. वाईट मी बोललो." वर्गात कुणी हाललं नाही. या वेळी मला ते आवडलं नाही.

दोन पालक फादरकडे गेले. मास्तरच स्वतःचं शिकवणं खोटं ठरवतात, मुलांनी काय धरायचं? फादरनी मला बोलावून विचारलं, पुढच्या वर्षी वर्ग घेणार का. मी म्हटलं, घेईन, पण सातव्या दानाचा धडा तुम्ही घ्या. ते म्हणाले, "आता तर तुम्हीच घ्यायला हवा." अजून ठरवलं नाही. जुनी मुलं जिथे भेटतील तिथे त्यांनाही सांगतोय. परवा चौकात मच्छी घेताना एकाला थांबवून सांगितलं. त्याला गोष्ट आठवत नव्हती. एकीला आठवत होती. तिनं ऐकून घेतलं आणि जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. तिचंही काहीतरी असेल.

पहिल्या पापनिवेदनाला जॉयलिन रांगेत तिसरी होती. आत गेली आणि दोन मिनिटांत बाहेर आली. मला म्हणाली, "संपला. तू जा." मग मी आठ आठ वर्षांच्या मुलांच्या मागे रांगेत उभा राहिलो. गुडघे टेकून काय बोललो ते तुला माहीत आहे. उठताना फादरना हाताला धरावं लागलं.

तू अजून माफ केलं नाहीस हे मी विसरलेलो नाही. घाई नाही. रविवारी मम्मीबरोबर मी येऊ का, असं ती तुला विचारेल. नको वाटलं तर तिला सांग, ती मला नीट सांगेल. नीलेशचं बघायचं राहिलंय, तेही माझ्या लक्षात आहे.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो ते. पुढच्या रविवारी मिस्सामध्ये बाळासाठी आभारप्रार्थना वाचायची आहे, म्हणून काल चर्चच्या कचेरीत नाव द्यायला गेलो. कारकुनानं बाळाचं नाव लिहून घेतलं आणि विचारलं, आणखी कुणाचं? मी म्हटलं, "इवा."

"कोण लागते तुमची?"

"मोठी नात," मी म्हटलं.

त्यानं पेन टेकवलं तेवढ्यात मी त्याला थांबवलं. म्हटलं, तिच्या आईबापाला विचारतो, मग लिही. न विचारता मी आधी फार बोललोय. त्यानं वहीत एक ओळ कोरी सोडली आहे, शुक्रवारपर्यंत.

तुम्हा दोघांना नको असेल तर ती ओळ तशीच राहू दे. हवं असेल तर तिचं पूर्ण नाव कसं लिहायचं, ते नीलेशला विचारून कळव.

पपा